नाबरबाईंची चूक

नाबरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्यावर ओरडताना.

जानेवारी महिना, आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलेला. फार्मसीतली दिवसभर उभ्याची नोकरी करून मी घरी आले तर गाडी लावायला जागा नाही. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या आमच्या गल्लीत एकच जागा मोकळी, आणि तिच्यात एक मोडकी खुर्ची. शिकागोत ही रीतच आहे. ज्याने फावड्याने बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, त्याने तिथे खुर्ची, बादली, घरात जी काय अडगळ असेल ती ठेवून कामाला जायचं. परत येईपर्यंत जागा त्याची. रीत मला ठाऊक होती, पण पाय असे दुखत होते की विचारू नका. "मरो ती खुर्ची," म्हणत मी ती उचलून फुटपाथवर ठेवली.

"अहो बाई! ती खुर्ची होती तिथे ठेवा!"

वर पाहिलं तर आमच्याच बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी, आणि तिच्यातून कानटोपी घातलेलं एक डोकं बाहेर आलेलं.

"रस्ता काय त्याच्या बापाचा आहे का?" मी नागपूरची. गप्प बसायला आमच्याकडे कोणी शिकवत नाही.

"नाही. कायद्याने तुमचं बरोबर आहे, रस्ता सगळ्यांचा. पण तो बसड्रायव्हर सकाळी तासभर फावडं मारत होता. मी बघितलंय. खुर्ची ठेवा."

"तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

"मी वकील आहे," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी खुर्ची ठेवली. मग चार गल्ल्या पलीकडे गाडी लावून, त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, घसरत घसरत घरी आले. दुसऱ्या दिवशी दारावर टकटक. बाई हातात खोबऱ्याच्या वड्यांची बशी घेऊन उभ्या. "काल तुम्हाला त्रास झाला. मी सुमन नाबर. वड्या बिघडल्यात, पण खा." वड्या खरंच बिघडल्या होत्या. एक मी चहात बुडवून बुडवून कशीबशी संपवली. तेव्हापासून आमचं जे सुरू झालं ते त्या जाईपर्यंत.

बुटक्या, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट, जाड भिंगांचा चष्मा, आणि अंगात कायम नवऱ्याचा जुना स्वेटर. नाबरकाका फार लवकर गेले, मी त्यांना पाहिलं नाही. एकुलता एक मुलगा निखिल तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. मी त्यांना सुमनताई म्हणायची, पण मनात त्या नाबरबाईच राहिल्या. पहिली ओळख भांडणातली असली की असं होतं.

त्यांचं जन्मभराचं काम एकच: हॉटेलांचे करार लिहिणं. शिकागो डाउनटाउनच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये त्यांनी उभी हयात हॉटेलांच्या जमिनींचे भाडेकरार लिहिले. आयोवा, इंडियाना, ओहायो. जिथे हॉटेल, तिथे नाबरबाईंचा चाळीस पानी कागद. "माझ्या कागदावर आजवर एकही खटला झालेला नाही, मंजू," हे वाक्य त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. माणसं नातवंडांचे फोटो दाखवतात तसं त्या हे सांगायच्या.

छापलेलं काहीही न वाचता त्या सोडत नसत. माझ्या फार्मसीत फ्लूचं इंजेक्शन घ्यायला यायच्या तर संमतीच्या फॉर्मखाली फूटपट्टी लावून एकेक ओळ वाचायच्या. मागे सात माणसांची लाइन. मी काउंटरवरून डोळे वटारायची. "ताई, सही करा ना, सगळे करतात." "सगळे करतात म्हणूनच तर वाचायला हवं." डेव्हनवरच्या साडीच्या दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी मालकाला असं काही समजावलं की बिचाऱ्याने पाटी तर काढलीच, वर आम्हाला दोन वाट्या रसमलाई मागवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी रसमलाई चाटूनपुसून खाल्ली.

आणि नोट्स मराठीत घ्यायच्या. फोनवर पलीकडे कोणी बडा अमेरिकन वकील बोलत असला तरी यांच्या पिवळ्या वहीत देवनागरी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इंग्रजीत लिहायला लागले की मी लगेच कायदा लिहायला लागते. समोरचा काय म्हणाला ते ऐकायचं राहून जातं. म्हणून ऐकायचं मराठीत."

रिटायर झाल्यावर बाई आता शांत बसतील असं निखिलला वाटलं होतं. सहा महिन्यांत त्यांनी एका संस्थेत नाव दिलं. जगभरातले वकील त्या संस्थेमार्फत छोट्या छोट्या बेटांच्या देशांसाठी फुकट काम करतात. मला आधी कळेचना, बेटांना वकील कशाला? मग त्यांनी नीट सांगितलं. समुद्र वर चढतोय, शेतात खारं पाणी शिरतंय, मासे कमी झालेत. म्हणून गावं म्हणतात, येऊ दे पर्यटक, हॉटेलं होऊ देत. मग मोठी कंपनी येते, तिच्याकडे दहा वकील. आणि गावाकडे शाळेची मुख्याध्यापिका. "या दहांसमोर त्या मास्तरणीच्या बाजूला बसायला कोणीतरी नको का? आणि मंजू, मला माहितीये ना ते दहाजण काय करतात. जन्मभर मीच ते केलंय."

ती मुख्याध्यापिका म्हणजे टेरेसा. पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या गावाची, गावसमितीची सेक्रेटरीही तीच. आमची संध्याकाळ म्हणजे तिची दुसऱ्या दिवसाची सकाळ. नाबरबाई वर कोट, खाली पायजमा अशा थाटात डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसायच्या, आणि पडद्यावर टेरेसा, मागे कोंबड्यांचा कलकलाट. गावाच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट यायचं होतं, साठ वर्षांच्या कराराने. वर्षभर बाई त्या करारावर बसल्या. खारफुटी तोडायची नाही. सांडपाणी समुद्रात सोडायचं नाही. गावच्या विहिरीतून पाणी किती घ्यायचं त्याला मर्यादा. नोकऱ्या आधी गावाला. एकेक कलम मान्य झालं की मला फोन. "मंजू, सांडपाणी मिळालं!" मी फार्मसीत, समोर पेशंट. "अभिनंदन," म्हणायची.

त्यातच होड्यांची पट्टी होती. गाव मासेमारीवर जगणारं, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायला जागा हवी. रिसॉर्टची भिंत आणि समुद्र यांच्यामध्ये वीस फूट रुंदीची पट्टी गावाला कायमची राखून ठेवायची असं ठरलं. ते कलम वाचून दाखवताना बाईंचा आवाज मऊ झाला होता. त्या वेंगुर्ल्याच्या. वडील शाळामास्तर, घर बंदराजवळ. लहानपणी त्या रापण ओढायला जायच्या. रापण म्हणजे सगळ्या गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पोरांनी दोराला हात लावला की त्यांच्या वाट्याला मूठभर मासळी. "होडी ओढायला जागा नसली ना, की कोळी संपला," त्या म्हणाल्या. मला काय कळणार? मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, गणपतीपुळ्याला.

करार सह्यांनिशी पुरा झाला तेव्हा टेरेसाने शिंपल्यांची माळ पाठवली. बाई ती माळ स्वेटरवर घालून महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला आल्या होत्या. डॉक्टर, इंजिनियर मंडळी विचारत होती, "नाबरबाई, हे काय?" आणि बाई प्रत्येकाला चाळीस पानं ऐकवत होत्या.

नंतर तीनेक वर्षं गेली, तिकडे रिसॉर्ट उभं राहिलं. बाईंना पोटाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली. जरा बरं वाटायला लागलं होतं. एका संध्याकाळी मी वरणभाताचा डबा घेऊन गेले तर टेरेसाचा फोन चालू होता. ती फोन हातात धरून किनाऱ्यावरून चालत होती आणि आम्हाला दाखवत होती. दोन मोठी वादळं होऊन गेली होती. समुद्र थेट रिसॉर्टच्या भिंतीला टेकलेला. लाटा भिंतीवर आपटत होत्या. वाळू नव्हतीच. होड्या शाळेच्या मैदानात पालथ्या पडल्या होत्या. समुद्रात जायचं तर भिंतीला वळसा घालून, खांद्यावर घेऊन, अर्धा मैल.

"मॅडम," टेरेसा म्हणाली, "आमची पट्टी कुठे गेली? रिसॉर्टवाले म्हणतात, पट्टी नकाशात दाखवलीय तिथेच आहे, वापरा."

बाई म्हणाल्या, "मी कागद बघून सांगते." फोन ठेवला. उठून कपाटातून करार काढला, शेवटचा नकाशा उलगडला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मी डबा गरम केला, वाढलं. त्या जेवल्या नाहीत.

"काय झालं ताई?"

त्यांनी टेबलमॅट पुढ्यात ओढला. "हा समुद्र." त्याच्या कडेला चमचा ठेवला. "ही पट्टी. वीस फूट." चमच्याच्या अलीकडे माझा डबा ठेवला. "ही भिंत." मग मॅट हळूच उचलून डब्याकडे सरकवला. चमचा मॅटखाली गेला.

"चमचा दिसतो?"

"नाही."

"पण आहे. कागदावर आहे. मी पट्टी नकाशातल्या रेघेला बांधली, मंजू. पाण्याला बांधायला हवी होती. पाणी जिथे असेल तिथून वीस फूट. बस, एवढंच लिहायचं होतं. समुद्र चढतोय म्हणून मला बोलावलं त्यांनी, आणि मी समुद्र जागेवर उभा राहील असं धरून चालले."

मी काहीबाही बोलले. एवढ्या मोठ्या करारात एखादी गोष्ट राहतेच, फुकट केलंत, त्यांचेही लोक होतेच की. त्यांनी हात वर केला. "जन्मभर ओहायोत हॉटेलं बांधली. तिथे जमीन हलत नाही. मी हात सवयीने चालवला." आणि बाई रडल्या. ऑपरेशनच्या वेळी रडल्या नव्हत्या, नवऱ्याची गोष्ट सांगतानाही कधी रडल्या नव्हत्या. मी आपली भांडी घासत बसले.

टेरेसाला त्यांनी लगेच सांगितलं नाही. हे मी लपवून ठेवणार नाही, त्यांना आवडलं नसतं. आधी संस्थेच्या मुख्य वकिलाला फोन केला. तो चांगला माणूस, पण घाबरला. म्हणाला, लेखी काही कबूल करू नका, बोलूही नका, आपण दुसरा मार्ग शोधू. निखिल बेलव्ह्यूहून विमानाने आला. "मॉम, यू वेअर हेल्पिंग देम! फॉर फ्री! आता तू आजारी आहेस. लेट इट गो, प्लीज." बाई ऐकून घेत होत्या. नऊ दिवस असेच गेले. त्या नऊ दिवसांत मी त्यांना फूटपट्टी हातात घेतलेलं पाहिलं नाही. फोन कंपनीचं चुकीचं बिल आलं तेही त्यांनी न वाचता भरलं.

दहाव्या दिवशी पिवळ्या वह्या काढून बसल्या. त्यात एक पान सापडलं. रिसॉर्टच्या माणसांशी झालेल्या बोलण्याची नोंद: होड्यांना पाण्यालगत वीस फूट, कायम. हॉटेलवाले हो म्हणाले.

"हे बघ," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावर रंग आला होता. "दोन्ही बाजूंचं बोलणं एक झालं होतं आणि कागद लिहिणाऱ्याने चुकून भलतंच लिहिलं, हे कोर्टाला पटलं तर कोर्ट कागद दुरुस्त करू शकतं. पण लिहिणाऱ्याने शपथेवर सांगायला हवं, की बाबांनो, मी चुकले."

"आणि तुमचं नाव?"

"नावाचं काय लोणचं घालायचंय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी टेरेसाला फोन लावला. मी समोर बसले होते. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. चूक माझी. तुम्ही बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं लिहिलं. मला वाटलं, टेरेसा आता म्हणेल, असू द्या मॅडम. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या खांद्यावरून होडी घसरली आणि त्याचा पाय मोडला. मागच्या आठवड्यात. तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"होय."

"मग त्याच दिवशी सांगायचं होतं."

"होय," बाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं." टेरेसाने फोन ठेवला. बाई आत जाऊन पडल्या. मला टेरेसाचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी जाताना जिन्यात मात्र वाटलं, तिच्या जागी मी असते तर शिव्याच घातल्या असत्या.

गावसमितीने तिकडच्या कोर्टात दावा लावला, आणि वहीतलं ते पान इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. डेव्हनवर एका ट्रॅव्हल एजंटाच्या दुकानात नोटरी बसतो. त्याच्यासमोर हात वर करून मी शपथ घेतली की हे भाषांतर खरं आहे, त्यात काही घातलेलं नाही, काही गाळलेलं नाही. बाईंनी बाहेर आल्यावर माझी पाठ थोपटली. संस्थेने आपल्या यादीतून बाईंचं नाव काढून टाकलं होतं, तसं पत्र त्याच दिवशी आलं. नम्र भाषेत होतं. बाईंनी फूटपट्टी लावून वाचलं आणि म्हणाल्या, "ड्राफ्ट चांगला आहे."

साक्ष व्हायला चार महिने लागले, आणि तोवर दुखणं उलटलं होतं. डॉक्टरांनी आता औषध फक्त दुखण्यावरचं, असं सांगितलं. साक्ष व्हिडिओवर होणार होती, जज तिकडे बेटावरच्या कोर्टात. त्या दुपारी मी गेले तर बाई कोट घालून, उशांच्या आधाराने खुर्चीत बसलेल्या. ओठ पांढरे. सकाळच्या गोळ्या डबीत तशाच.

"ताई! गोळी घेतली नाही?"

"रिसॉर्टवाले विचारणार. औषधाने डोकं जागेवर नव्हतं म्हणणार. आज नाही घ्यायची."

मी फार्मसिस्ट. ती गोळी चुकली की काय होतं ते मला पुस्तकातून नाही, माणसांच्या तोंडावरून ठाऊक आहे. मी हात जोडले, चिडले, अर्धी तरी घ्या म्हटलं. "असांदे गो," म्हणाल्या. वेंगुर्ल्याची भाषा त्या फार थकल्या की निघायची. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले, पाणी आणि ओकारी झालीच तर टब घेऊन.

रिसॉर्टचा वकील तरुण, गोड बोलणारा. तो हल्ला करील अशी माझी कल्पना. त्याने उलट बाईंची स्तुती सुरू केली. आपण देशातल्या या विषयातल्या उत्तम वकिलांपैकी एक ना? आपल्या कागदावर आजवर एकही खटला झाला नाही, खरं ना? बाई दरवेळी होय म्हणत होत्या आणि माझ्या हळूहळू लक्षात येत होतं की हा माणूस त्यांना हार घालून घालून बुडवतोय. इतकी हुशार बाई चुकेल कशी? म्हणजे जे लिहिलं तेच लिहायचं होतं.

मग त्याने विचारलं, औषधं घेता का? बाई म्हणाल्या, आज घेतलेली नाहीत. टेबलाखाली त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. त्या पकडीचे वळ मला दोन दिवस होते.

"आपला जन्म कुठला, मॅडम?"

"वेंगुर्ल्याचा. कोकणात. समुद्रकाठी."

"म्हणजे पाण्याची रेघ पुढेमागे होते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं."

"लहानपणी ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "मग मी वकील झाले."

जज खाली मान घालून लिहीत होते, त्यांनी वर पाहिलं. बाई पुढे बोलत राहिल्या, धापा टाकत, पण स्पष्ट. "तुम्ही म्हणता मी हुशार. मी जमिनीवरच्या हॉटेलांत हुशार होते. त्या लोकांनी मला समुद्राचं सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं, आणि कागद करताना माझी जुनी सवय पुढे केली. एवढीशी पोर कोळ्याची, तीही ही चूक करणार नाही. मी केली. ती त्यांच्या माथी मारू नका."

पडदा बंद झाला तसा मी टब पुढे केला. नंतर गोळी दिली. पुढचा सगळा दिवस मी त्यांचे पाय चोळत होते. मला तेव्हा त्यांचा अभिमान वगैरे वाटला नाही. फार वाईट वाटत होतं. या बाईकडे आयुष्यात मिरवायला एकच गोष्ट होती, ती तिने स्वतःच्या हाताने सगळ्यांदेखत मोडून टाकली होती.

त्यानंतर त्या उठल्या नाहीत. निखिल येऊन राहिला, आईच्या खोलीतूनच ऑफिस करायचा. घरीच हॉस्पिसची नर्स येत असे. बाईंना दिसेनासं झालं होतं. वाचता येत नाही याचं त्यांना मरणापेक्षा जास्त दुःख होतं, असं मला वाटतं. मी डेव्हनवरून येताना दुकानांच्या जाहिराती आणायची आणि वाचून दाखवायची. डाळ किती डॉलर पाउंड, आंब्याची पेटी कधी येणार. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

एका दुपारी निखिल जिन्यापाशी भेटला, हातात प्रिंट काढलेले कागद. निकाल आला होता. गावाच्या बाजूने. "मंजूमावशी, त्यांनी मॉमबद्दल काय लिहिलंय बघ. आफ्टर एव्हरीथिंग! प्लीज, तू वाच तिला, पण तेवढं वाचू नकोस." मी तिथेच उभ्याने वाचलं. जजने लिहिलं होतं की या विषयात उभी हयात घालवलेल्या वकिलाकडून इतका निष्काळजीपणा व्हावा याचं आश्चर्य वाटतं. श्रीमती नाबर यांनी साधी, अक्षम्य चूक केली. नाव घालून लिहिलं होतं. मला भडभडून आलं. म्हटलं, मरताना हे ऐकवायचं? नाही ऐकवणार.

आत जाऊन खाटेजवळ बसले आणि एकेक वाक्य मराठीत करून वाचायला लागले. वहीतल्या नोंदीवर कोर्टाचा विश्वास. कागद दुरुस्त करण्याचा हुकूम. समुद्राचं पाणी जिथे असेल तिथून वीस फूट गावाचे, ते मोजताना आड येणारी भिंत रिसॉर्टने स्वखर्चाने मागे घ्यायची. बाईंच्या चुकीचं वाक्य मी टाळलं आणि पुढे गेले.

बाईंनी बोटं हलवली. "थांब. मधलं गाळलंस."

"नाही ताई."

"गाळलंस, मंजू. चूक माझी होती, असं त्याने लिहिल्याशिवाय असा निकाल देताच येत नाही. ते असायलाच हवं." आवाज इतका बारीक होता की मी वाकून ऐकत होते. "नाहीतर ते लोक अपील करून सगळं पालटतील. काय लिहिलंय? नीट वाच. जसंच्या तसं."

मी निखिलकडे पाहिलं. त्याला मराठी अर्धंच कळतं, पण हे कळलं होतं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी वाचलं. निष्काळजीपणा. अक्षम्य चूक. श्रीमती सुमन नाबर. अक्षरं दिसेनात, पण वाचलं.

"आणखी एकदा," बाई म्हणाल्या.

मी आणखी एकदा वाचलं. त्यांनी लांब श्वास सोडला. त्या वाळलेल्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, हसू होतं.

"चांगलं लिहिलंय. पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "टेरेसाला फोन लाव. म्हणावं, होड्या खाली आणा."